परदेशात भाड्याची स्कूटर : दुसरं हेल्मेट कुठे आहे?

गेल्या हिवाळ्यात एक जोडपं दवाखान्यात आलं. दोघंही पस्तिशीच्या आसपासची, नोकरी करणारी, माझ्याकडे बऱ्याच वर्षांपासून येणारी. त्यांना विचारूनच हे लिहितो आहे आणि ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. फुकेतहून परत येऊन त्यांना आठवडा झाला होता. त्याच्या उजव्या कोपराला आणि गुडघ्याला पट्ट्या होत्या, त्या दाखवायला ते आले होते. ती फक्त सोबत आली होती. जखमा बघून झाल्या, ड्रेसिंग बदललं आणि उठता उठता ती म्हणाली, "डॉक्टर, तिकडून आल्यापासून मला फोडणीचा वासच येत नाहीये. सर्दी तर नाही. काल दूध करपलं तेही कळलं नाही, शेजारच्या काकू सांगायला आल्या."

मी दोघांनाही पुन्हा बसवलं आणि सगळी हकिगत पहिल्यापासून विचारली.

हॉटेलजवळच्या दुकानातून त्यांनी तीन दिवसांसाठी स्कूटर घेतली होती. दुकानदाराने दोन हेल्मेटं दिली. एक बरं होतं. दुसऱ्याचा पट्टा लागतच नव्हता. "जवळच तर जायचंय" म्हणून ते दुसरं हेल्मेट हॉटेलच्या खोलीतच राहिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका वळणावर रस्त्यावर पसरलेल्या वाळूवरून चाक सरकलं. वेग फारच कमी होता असं तो मला तीनदा सांगत होता. तो कुशीवर पडला. ती मागच्या मागे पडली आणि डोक्याची मागची बाजू रस्त्यावर आपटली. दोन-चार मिनिटं ती गोंधळलेली होती, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होती. मग सावरली. टेंगूळ आलं, त्यावर बर्फ लावला, एकदा उलटी झाली ती "घाबरल्यामुळे" असं ठरलं, आणि दोघं हॉटेलवर गेले. दवाखान्यात गेले ते दुसऱ्या दिवशी, आणि तेही त्याच्या गुडघ्यासाठी.

तिचा सीटी स्कॅन मी इथे करून घेतला. सुदैवाने आत रक्तस्राव नव्हता. वास मात्र गेला होता.

हे कसं होतं ते थोडक्यात सांगतो, कारण बहुतेकांना ठाऊक नसतं. वासाच्या नसेचे बारीक तंतू नाकाच्या वरच्या बाजूला असलेल्या चाळणीसारख्या पातळ हाडाच्या छिद्रांतून वर मेंदूकडे जातात. डोकं जोरात आपटलं की कवटी थांबते, पण आतला मेंदू क्षणभर पुढे-मागे हलतो आणि ते नाजूक तंतू त्या छिद्रांपाशी तुटतात. डोक्याच्या मागच्या बाजूला मार बसला की हे घडण्याची शक्यता जास्त. बाहेरून काही दिसत नाही, स्कॅन अनेकदा स्वच्छ येतो. काही जणांचा वास महिन्यांनी, थोडाफार, परत येतो. काहींचा येत नाही. वास गेला की चवही अर्धी जाते, आणि गॅस गळतोय हेही नाकाला कळत नाही.

आता "वेग कमी होता" याबद्दल. हे वाक्य मी तीस वर्षं ऐकतो आहे. साधारण दीड मीटर उंचीवरून, म्हणजे माणूस उभा असताना त्याचं डोकं जिथे असतं तिथून, ते सरळ खाली पडलं तर जमिनीवर आपटताना त्याचा वेग ताशी जवळजवळ २० किलोमीटर असतो. शाळेतल्या सूत्राने कुणीही हा हिशोब करू शकतो. त्यात स्कूटरचा वेग धरलेलाच नाही. गाडी हळू होती म्हणून डोकं हळू आपटत नाही.

फुकेत, क्राबी, बाली, दा नांग ही नावं आता आपल्याकडे लोणावळा-महाबळेश्वरसारखी सहज तोंडात येतात. मुंबईहून थायलंड चार-साडेचार तासांवर. स्वस्त तिकीट मिळतं, लोक जातात, चांगलंच आहे. तिथे उतरल्यावर रस्त्यारस्त्याला स्कूटरची दुकानं दिसतात आणि आपल्या मनात गोवा जागा होतो. गोव्यात काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली गाडी घ्यायची, किल्ली फिरवायची आणि कळंगुटहून वागातोरला निघायचं, ही सवय आपल्या अंगात मुरली आहे. त्याच सवयीने आपण परदेशातल्या काउंटरसमोर उभे राहतो, आणि माझा आक्षेप नेमका इथे आहे. परदेशात दुचाकी चालवायची की नाही हा निर्णय घरी, जाण्याच्या महिनाभर आधी घ्यायचा असतो. दुकानात उभं राहून, बायको-मुलं उन्हात थांबलेली असताना, तो नीट घेता येत नाही.

थायलंडमध्ये रस्त्यांवर मरणाऱ्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोक दुचाकी-तिचाकीवरचे असतात, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालांतलं आहे. हे तिथल्या स्थानिक लोकांचं दुःख आहे, त्यांना तो रस्ता पाठ असूनही. आपण तिथे नवखे.

यावर माझे पुणेकर रुग्ण म्हणतात, "डॉक्टर, ज्याने लक्ष्मी रोडवर गाडी चालवली तो जगात कुठेही चालवेल." हसू येतं, आणि त्यात थोडं तथ्यही आहे. आपल्याला गर्दीत अंदाज घेता येतो, दचकत नाही आपण. पण आपलं हे कौशल्य ताशी पंचवीस-तीसच्या गर्दीतलं आहे. फुकेतमधल्या मोठ्या रस्त्यांवर गाड्या दुप्पट-तिप्पट वेगाने जातात आणि पाटाँगला जाणारा डोंगरावरचा रस्ता तर तीव्र उतार आणि वळणांसाठी बदनाम आहे. दुसरं म्हणजे आपण कानांनी गाडी चालवतो. मागून हॉर्न वाजला की बाजूला सरकायचं, हे आपलं आरशाशिवायचं शास्त्र. थायलंडमध्ये लोक हॉर्न फारसा वाजवतच नाहीत, तो उद्धटपणा समजला जातो. त्यामुळे आरसा न बघणाऱ्या आपल्या माणसाला मागून येणाऱ्या गाडीची सूचनाच मिळत नाही. थायलंड आणि इंडोनेशियात निदान आपल्यासारखं डाव्या बाजूने चालवतात. व्हिएतनाममध्ये उजव्या बाजूने. सरळ रस्त्यावर ते जमून जातं, पण चौकात वळताना किंवा पेट्रोल भरून पुन्हा रस्त्यावर येताना मेंदू जुनीच बाजू निवडतो. थकलेला मेंदू तर हमखास.

लायसन्स आणि विमा यांच्याबद्दल डॉक्टरने कशाला बोलावं, असं वाटेल. बोलतो, कारण या दोन कागदांवर उपचार अडकलेले मी पाहिले आहेत.

आपल्याकडे कितीतरी जण पंधरा-वीस वर्षं स्कूटर चालवतात, पण लायसन्सवर फक्त कारची नोंद असते. माझ्या या रुग्णाचंही तसंच होतं. त्याने आंतरराष्ट्रीय परवाना काढला होता, आणि ते बघून मला बरं वाटलं. पण त्या परवान्यात 'ए' हा वर्ग मोटारसायकलचा आणि 'बी' कारचा असतो. त्याच्या पुस्तिकेत शिक्का फक्त 'बी'समोर होता. म्हणजे त्या स्कूटरवर तो, कागदाच्या दृष्टीने, विनापरवाना बसला होता. प्रवासविम्याने गुडघ्याच्या उपचाराचा दावा याच कारणाने नाकारला. तिथल्या खासगी रुग्णालयाचं बिल क्रेडिट कार्डवर गेलं होतं आणि ते हप्त्यांनी फिटत होतं. नुसतं खरचटणं आणि टाके असताना ही अवस्था. मांडीचं हाड मोडलं असतं, आठ दिवस अतिदक्षता विभागात राहावं लागलं असतं, तर काय झालं असतं याचा हिशोब त्याने स्वतःच करून पाहिला होता आणि त्याला रात्रभर झोप लागली नव्हती.

म्हणून आधी आपलं लायसन्स काढून बघा. दुचाकीची नोंद नसेल तर ती करून घ्या, ते इथेही बेकायदाच आहे. मग आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावर करता येतो, परवान्याची मुदत एक वर्षाची असते, आणि तो मूळ लायसन्ससोबत बाळगायचा असतो. आणखी एक बारकावा आहे. आपला परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार असतो, आणि तो थायलंडला मान्य आहे. व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारातला परवाना मानतो. त्यामुळे आपली पुस्तिका तिथल्या नेहमीच्या स्कूटरला चालत नाही, मग दुकानदार "नो प्रॉब्लेम" म्हणो किंवा न म्हणो. दुकानदाराला गाडी भाड्याने द्यायची असते. तुमचा दावा मंजूर करायला तो नसतो.

विम्याच्या कागदात 'दुचाकी' हा शब्द शोधा. काही पॉलिसींत ती वगळलेली असते, काहींत इंजिनच्या सीसीची मर्यादा असते. हेल्मेट नसेल किंवा दारू प्यायलेली असेल तर दावा नाकारायची अट बहुतेक ठिकाणी आहे. सापडलं नाही तर कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. फोनवरच्या गोड आवाजाचा नंतर काही उपयोग होत नाही. विम्याचा चोवीस तासांचा नंबर दोघांच्याही मोबाइलमध्ये असू द्या, कारण जो पडतो तो फोन करण्याच्या स्थितीत असेलच असं नाही.

आणि पासपोर्ट दुकानात गहाण ठेवू नका. मूळ पासपोर्टच हवा म्हणणारे दुकानदार भेटतात. रुग्णालयात, पोलिसांकडे, दूतावासात, सगळीकडे तोच लागतो. झेरॉक्स आणि रोख अनामत घेणारा दुकानदार शोधा. गाडी घेताना तिच्या चारही बाजूंचा व्हिडिओ काढा, दोन्ही ब्रेक दाबून बघा, टायरवर हात फिरवा. यात पाच मिनिटं जातात.

हेल्मेटवर मात्र थांबणार आहे. पुण्यात हेल्मेटवर बोलणं म्हणजे वादाला आमंत्रण, हे मला माहीत आहे. हेल्मेटसक्तीच्या विरोधात मोर्चे निघालेलं हे गाव आहे. तरीही. आजवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो की हेल्मेटमुळे अपघातात मृत्यूचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ७० टक्क्यांनी कमी होतो. माझ्या कपाटातलं कुठलंही औषध एका डोसात इतकं काम करत नाही. हेल्मेटच्या आतलं थर्माकोलसारखं अस्तर धक्क्याने चेपतं आणि डोकं एकदम थांबण्याऐवजी थोडं सावकाश थांबतं. ते अस्तर एकदाच चेपतं. एकदा आपटलेलं हेल्मेट बाहेरून चकचकीत असलं तरी निकामी झालेलं असू शकतं, आणि भाड्याच्या दुकानात वर्षानुवर्षं उन्हात टांगलेल्या हेल्मेटचा इतिहास कुणालाच ठाऊक नसतो.

म्हणून माझा सल्ला लोकांना विचित्र वाटतो, पण तो मी देतोच : स्वतःची हेल्मेटं घेऊन जा. आयएसआय मार्कचं चांगलं हेल्मेट सव्वा ते दीड किलोचं असतं. केबिन बॅगेच्या ७ किलोंत ते जड वाटतं, तर मोठ्या बॅगेत कपडे भरून ठेवा. बाकरवडीची चार पाकिटं कमी न्या. डोक्यावर घालून पट्टा लावला की हनुवटीखाली फार तर दोन बोटं जावीत, आणि मान हलवली तर हेल्मेट डोक्याबरोबर हलावं. आणि हेल्मेटं दोन न्या. मागे बसणाऱ्याच्या हातात हँडल नसतं, समोरचा खड्डा त्याला दिसत नाही, पडायच्या क्षणाआधी शरीर सावरायला त्याला वेळच मिळत नाही. चालवणाऱ्याला हेल्मेट आणि मागे बसलेल्या बायकोला ओढणी, हे दृश्य आपल्याकडे इतकं नेहमीचं आहे की ते खटकतही नाही. मला खटकतं. दुकानात दुसरं धड हेल्मेट नसेल तर ती गाडी एकट्यापुरतीच भाड्याची आहे असं समजा.

वेळेबद्दल दोन शब्द. आपल्याकडची बरीच विमानं रात्री निघून पहाटे पोचतात. चेक-इन होईपर्यंत करायचं काय, म्हणून लोक स्कूटर घेतात. सतत १७ तास जागं राहिलेल्या माणसाच्या प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतक्या मंदावतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. भारतात कायद्याची मर्यादाच ०.०३ टक्के आहे. तेव्हा पहिल्या दिवशी झोपा, चाला, समुद्र बघा.

फी फी बेटांची बोटीची सहल आणखी एका कारणाने लक्षात ठेवा. मळमळ होऊ नये म्हणून सकाळी अ‍ॅव्होमिनची गोळी घेतलेली असते. ती प्रोमेथाझिन आहे आणि तिची गुंगी अनेक तास राहते. दुपारी धक्क्यावर उतरून तोच माणूस स्कूटर चालवत हॉटेलवर जातो. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांचंही असंच. त्या दिवशी टॅक्सी करा. बिअरबद्दल काय लिहायचं, सगळ्यांना ठाऊक आहे.

काही जणांना मी सरळ नाही म्हणतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेले, नुकतीच अँजिओप्लास्टी झालेले, फिट्स येणारे, आणि इन्सुलिनवर असून साखर अचानक खाली जाणारे. साध्या पडण्यानेही यांच्या डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो किंवा चालवतानाच शुद्ध हरपू शकते. ज्यांनी इथे दहा वर्षांत दुचाकीला हात लावलेला नाही त्यांनीही तिथे सराव करू नये. थायलंडमध्ये ग्रॅब सहज मिळते, बालीत दिवसभरासाठी चालकासह गाडी ठरवता येते, आणि उत्तर व्हिएतनामच्या हा जियांगच्या डोंगरांत तर स्थानिक चालकाच्या मागे बसून फिरायची सोय आहे. तिथेही स्वतःचं हेल्मेट असेल तर उत्तम.

एवढं करूनही पडलात तर? थायलंडमध्ये रुग्णवाहिकेसाठी १६६९, पर्यटक पोलिसांसाठी ११५५, व्हिएतनाममध्ये रुग्णवाहिकेसाठी ११५. मान दुखत असेल किंवा हातापायांना मुंग्या येत असतील तर माणसाला उचलून बसवू नका. श्वासाला अडथळा नसेल तर त्याचं हेल्मेटही ओढून काढू नका. डोक्याला मार लागून क्षणभरही शुद्ध हरपली असेल, उलटी झाली, घडलेलं आठवत नसेल, डोकेदुखी वाढत गेली, एक बाहुली मोठी दिसली, नाका-कानातून पाणी किंवा रक्त आलं, तर त्याच दिवशी रुग्णालय, तेही सीटी स्कॅनची सोय असलेलं. काही रक्तस्रावांत माणूस आधी अगदी व्यवस्थित बोलतो-चालतो आणि काही तासांनी कोसळतो. म्हणून "आता बरं वाटतंय" यावर विसंबून त्याला खोलीत एकटं झोपवू नका. पहिले २४ तास कुणीतरी जवळ हवं. दुखलं तर पॅरासिटामॉल द्या, आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन नको. वयस्कर माणसात रक्त हळूहळू साठतं आणि तीन-चार आठवड्यांनी चालणं बिघडतं किंवा विसरभोळेपणा येतो. तेव्हा ते पडणं कुणाच्या लक्षातही नसतं.

खरचटलेल्या जागेतली वाळू वाहत्या पाण्याने आणि साबणाने त्याच दिवशी काढा. आत राहिली तर जखम चिघळते, आणि भरली तरी काळे ठिपके कायमचे राहतात. धनुर्वाताचं इंजेक्शन जाण्याआधीच विचारून घ्या. जखम घाण असेल आणि शेवटचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं झाली असतील तर तिथे पुन्हा घ्यावं लागतं. हाफ पँट घालून उतरताना पोटरी सायलेन्सरला चिकटून भाजणं हे तर इतकं नेहमीचं आहे की दर सुट्टीनंतर मी एखादं तरी बघतो. सायलेन्सर बहुधा उजवीकडे असतो, म्हणून डावीकडून उतरा. भाजलंच तर २० मिनिटं नळाचं वाहतं पाणी सोडा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावू नका. फोड फोडू नका, आणि तो भरेपर्यंत समुद्रात जाऊ नका. पायाला प्लास्टर घातलं असेल किंवा छातीला मार असेल तर परतीचं विमान पकडण्याआधी तिथल्या डॉक्टरला स्पष्ट विचारा. ताज्या प्लास्टरमध्ये पाय सुजतो, लांब बसून रक्ताची गाठ होऊ शकते, आणि फुप्फुसाबाहेर हवा साठली असेल तर उड्डाण जिवावर बेतू शकतं.

ती परवा पुन्हा आली होती. नाक-कान-घसा तज्ज्ञांनी तिला वासाचा व्यायाम दिला आहे : गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी, रोज दोन वेळा, प्रत्येक वास वीस सेकंद, तो वास आठवायचा प्रयत्न करत घ्यायचा. चार महिने झाले. लवंग आता थोडी कळते, बाकी तीन अजून नाहीत. घरात गॅसगळतीचा अलार्म बसवला आहे. येत्या सुट्टीत दोघं बालीला जाणार आहेत, आणि या वेळी तो पॉलिसीचा कागद घेऊनच माझ्याकडे आला होता. दुचाकीची अट आम्ही दोघांनी मिळून वाचली. त्याच्या लायसन्सवर दुचाकीची नोंद अजून व्हायची आहे, म्हणून त्यांनी चालकासह गाडी ठरवली आहे.